पीएचसीवर पीटीएसडीचा पेशंट: झोपेची गोळी आणि रेफर चिठ्ठी यांच्या मधलं काम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) नवीन एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, आहात, ओपीडीत रोज काही बायका आणि अधूनमधून पुरुषमाणसं धडधड, झोप नाही, अंगाची आग, डोकं गच्च असं घेऊन येतात, ईसीजी नॉर्मल निघतो, हिमोग्लोबिन जरा कमी असतं, आणि थोडं खोदून विचारलं की कुणाच्या नवऱ्यानं फास घेतलेला असतो, कुणी उसाच्या फडात काहीतरी भोगलेलं असतं, कुणाची जनावरं २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरात डोळ्यांदेखत वाहून गेलेली असतात. तुम्हाला पीटीएसडीचा, म्हणजे जीवावरच्या प्रसंगानंतर मागं राहणाऱ्या मनाच्या आजाराचा, संशय येतोय पण सायकियाट्रिस्ट बसतात जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला, आणि बाईला एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दिवसाचा रोज बुडतो तो कोण देणार. मग तुम्ही पीएचसीवर बसून काय करायचं?

माझं मत सरळ आहे. झोपेची गोळी देऊन मोकळं होणं आणि रेफर लिहून मोकळं होणं, या दोन्हीच्या मधे जे काम उरतं तीच या आजाराची ट्रीटमेंट आहे, आणि ते काम बरंचसं तुम्हीच करू शकता. मी लातूर-बीड पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात आणि पीएचसीवरच आयुष्य घातलंय, सायकियाट्रिस्ट नाही, त्यामुळं हे एका जनरल डॉक्टरनं दुसऱ्याला सांगितलेलं समजा. लांबेल जरा.

आधी अल्प्राझोलमचं बोलू कारण तिथंच सगळं बिघडतं. तुमच्याकडं येण्याआधी पेशंट गावातल्या नाहीतर तालुक्याच्या दोन-तीन डॉक्टरांकडं जाऊन आलेली असते, प्रत्येकानं एक सलाईन, एक बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन आणि अल्प्राझोलमची पट्टी दिलेली असते. पट्टीनं पहिले आठ दिवस झोप लागते, बाईला वाटतं डॉक्टर चांगलाय, मग अर्ध्याची एक होते, एकीच्या दोन होतात, आणि स्वप्नं आहेत तशीच राहतात. अल्प्राझोलम ज्या गटातली आहे त्या बेन्झोडायझेपिन गटाच्या गोळ्यांनी पीटीएसडी बरा होत नाही, आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे की घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाची लक्षणं म्हणून या गोळ्या मोठ्या माणसालाही द्यायच्या नाहीत आणि लेकरालाही नाहीत. शरीराला सवय लागते ती वेगळीच. पण म्हणून कुणी सहा महिने रोज घेत असेल तर एकदम बंद करायची चूक करू नका, फिट येऊ शकते, डोस हळूहळू आठवड्यांच्या हिशोबानं कमी करा, आणि कमी का करतोय ते घरच्यांसमोर नीट सांगा, नाहीतर बाई परत त्याच मेडिकलवर जाऊन पट्टी घेते आणि मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ओळखायचं कसं. आपल्याकडं कुणी येऊन मला फ्लॅशबॅक येतात, म्हणजे घडलेलं परत डोळ्यासमोर उभं राहतं, असं म्हणत नाही. म्हणतात काय, तर काळीज लटलट करतंय, भ्या वाटतंय, झोप येईना गेली, कशातच जीव लागना. हे डिप्रेशनही असू शकतं, थायरॉइड असू शकतं, ॲनिमिया असू शकतो, पाळी जायचं वय असू शकतं, आणि बीडमध्ये तर गर्भपिशवी कमी वयात काढलेल्या ऊसतोड बायका एवढ्या आहेत की २०१९ मध्ये त्यावर सरकारला समिती नेमावी लागली, त्यामुळं तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या अंगाची आग म्हटलं की ऑपरेशनचं आधी विचारा, अंडाशय ठेवलंय का काढलंय ते कागदावर बघा. हिमोग्लोबिन, शुगर, जमलं तर थायरॉइडची टीएसएच तपासणी, दिवस गेलेत का ते, दारू आणि मिश्री-तंबाखूचं, डोक्याला मार लागला होता का, एवढं बघून घ्या. ॲनिमिया सापडला म्हणून मात्र तिथंच थांबू नका, आपल्याकडं ॲनिमिया तर निम्म्या बायकांत सापडतो, लोहाची गोळी चालू करा आणि पुढं विचारत राहा.

पुढं विचारायचं म्हणजे आधी सासूला किंवा नवऱ्याला बाहेर काढायचं. बाहेर थांबा म्हटलं की संशय येतो, भांडणही होतं. माझी जुनी युक्ती म्हणजे पेशंटला वजन करायला नाहीतर लघवी तपासायला सिस्टरसोबत आत पाठवायचं आणि मग लसीकरणाच्या खोलीत किंवा लेबर रूमच्या शेजारी जाऊन आपण बोलायचं, सिस्टर सोबत असतेच. घटनेचं वर्णन पहिल्याच भेटीत काढून घेऊ नका. काय झालं सविस्तर सांग, सगळं बोल, मन मोकळं कर, हे ऐकायला चांगलं वाटतं पण घटनेनंतर लगेच बळंच बोलतं करण्यानं फायदा होत नाही हे अभ्यासातून कळून चुकलंय, काहींचा त्रास उलट वाढतो. तुम्हाला तपशील नको आहेत, लक्षणं हवी आहेत.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांसाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी केलेली आहे, पीसी-पीटीएसडी-फाइव्ह नावाची, हो-नाही एवढंच उत्तर. पुस्तकी भाषेत विचारली तर आपल्या पेशंटला ओ का ठो कळत नाही म्हणून मी ती अशी विचारतो. "बाई, कधी कधी माणसाच्या आयुष्यात लई वाईट घडतं, जीवावरचं, स्वतःच्या नाहीतर डोळ्यासमोर दुसऱ्याच्या. तसं काही झालंय का? काय झालं ते आज सांगायची गरज नाही." मान हलली की पुढचं. मागच्या महिन्यात ते स्वप्नात येतं का, किंवा नको असताना डोक्यात घुसतं का. ती जागा, ती वाट, ती माणसं टाळता का. जरा आवाज झाला की दचकता का, सारखं मागं वळून बघावं वाटतं का. लेकराबाळांत, माणसांत असून नसल्यासारखं होतं का. आणि जे झालं ते माझ्याचमुळं झालं असं सारखं वाटतं का. पाचातली तीन हो आली की पीटीएसडी डोक्यात धरायचा आणि निवांत वेळ काढून परत बोलवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी लक्षणं महिन्याच्या वर टिकलेली हवीत आणि रोजच्या कामात अडथळा हवा. शेवटच्या प्रश्नाला नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या बायकांकडून 'नाही' असं उत्तर जवळजवळ कधीच येत नाही, कारण घरादारानं आणि भावकीनं तेच ऐकवलेलं असतं, हीच पांढऱ्या पायाची.

टाळणं हा भाग डॉक्टरच्या नजरेतून निसटतो कारण जे टाळलं ते दिसत नाही. शेतात जात नाही म्हणजे बाई आळशी झाली असं घरचे म्हणतात. बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडाला नवऱ्याला लटकलेलं तिनंच बघितलेलं असतं, त्या बांधावर जाणं तिला होत नाही, आणि सोयाबीनवर फवारणी चालू झाली की त्या वासानं काहीजणी घराची दारं लावून बसतात कारण त्या रात्री घरात तोच वास होता. असं काही कानावर आलं की समजा, तुम्ही बरोबर जागी आलात.

आणि जुनी दुखणी विसरू नका. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला झाला, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले, माळवदाची जड दगड-मातीची घरं अंगावर आली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. औसा, लोहारा, उमरगा भागात आजही साठी-सत्तरीची माणसं ओपीडीत पहाटे चारला जाग येते म्हणून झोपेची गोळी मागतात, पक्कं घर असून पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, सप्टेंबर संपत आला की बीपी वाढतं. बीपीची गोळी वाढवण्याआधी एकदा विचारा, भूकंपात घरातलं कोण गेलं. उत्तर ऐकून बसा दोन मिनिटं. इतक्या वर्षांनी कुणी डॉक्टरनं पहिल्यांदाच विचारलेलं असतं.

आता उपचार. पहिली मात्रा म्हणजे समजावून सांगणं, आणि ही फुकट आहे. मी म्हणतो, "तुम्हाला वेड लागलेलं नाही, बाहेरचं काही झालेलं नाही. लई मोठा धोका बघितला की मेंदूतला पहारेकरी जागा होतो, तुमचा अजून झोपलाच नाही, धोका टळला तरी ओरडतोय. त्याला शांत करायला शिकवता येतं." एवढं ऐकून कितीतरी जणी रडतात, त्यांना रडू द्या, टेबलावरचा फोन उचलू नका.

दुसरं, घाबरगुंडी उडाल्यावर काय करायचं ते पेशंटला हाताशी पाहिजे. एक बाई डोळ्यासमोर येते, म्हणजे बऱ्याच जणींवरून जुळवलेली समजा, कुणाची ओळख नको. ऊसतोडीला गेली होती, रात्री डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर उलटला आणि जाऊ खाली सापडली. माझ्यासमोर बसलेली असताना बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, तशी तिनं टेबलाची कड गच्च धरली, डोळे दाराकडं, श्वास वर वर चाललेला, मी बोलतोय ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. अशा वेळी हात धरायला जाऊ नका. आवाज खाली आणून म्हटलं, चपला काढा, पाय फरशीवर टेकवा, गार लागतीय का? लागतीय म्हणाली, पण उशिरा. समोरच्या भिंतीवर काय काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा. घड्याळ, लसीचं पोस्टर, कॅलेंडर, पाल. पालीवर सिस्टर हसली, तीही जराशी हसली. माठातलं पाणी तोंडावर मारायला लावलं, मग श्वास, नाकानं घ्यायचा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, गरम चहावर फुंकर मारतो तसा. आज वार कोणता, गाव कोणतं, आपण कुठं बसलोय हे तिच्या तोंडून वदवून घेतलं. पाच-सात मिनिटांचा खेळ झाला. नंतर तेच दोनदा शांत असताना करून घेतलं, आणि सोबत आलेल्या मुलीलाही शिकवलं, कारण घाबरल्यावर हे एकट्याला आठवत नाही. यानं आजार जात नाही, पण पेशंटला पहिल्यांदा कळतं की हे आपल्या हातात येऊ शकतं, आणि ती पुढच्या वेळी परत येते. परत येणं हेच निम्मं यश.

गोळ्यांचं बोलू. पहिली पसंती सर्ट्रालिन (नैराश्य आणि चिंतेवरची गोळी), २५ मिलिग्रॅमनं सुरू, जेवणानंतर, आठवड्यानं ५०, मग चार आठवड्यांनी बघून हळूहळू १०० पर्यंत, त्याच्या वर २०० पर्यंत जाता येतं पण तोवर सायकियाट्रिस्टला फोन झालेला बरा. लेकरू अंगावर पीत असेल तरी सर्ट्रालिनच बरं पडतं. सुरुवातीला मळमळ, जुलाब, थोडी जास्तच अस्वस्थता होते, हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळी उकिरड्यावर. फायदा दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर चालू ठेवायची. सुरू करण्याआधी एक विचारायचंच, कधी आठ-आठ दिवस झोप नसताना अंगात लई जोर आला होता का, पैसा उधळला, बडबड वाढली असं काही, कारण बायपोलरला नुसती ही गोळी दिली तर पेशंट उसळतो. पंचविशीच्या आतल्या पेशंटला पहिल्या दोन आठवड्यांत परत बघा, आत्महत्येचे विचार वाढतायत का म्हणून. धडधडीला प्रोप्रॅनोलॉल थोडे दिवस चालतं, दमा असेल तर नाही, पण ती मूळ आजाराची गोळी नव्हे.

पीएचसीच्या स्टोअरमध्ये सर्ट्रालिन नसतं, ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची जुनी गोळी) असतं, हे मला माहितीय. देता येतं, डब्ल्यूएचओनंही समुपदेशनाची सोय नसेल किंवा त्यानं फरक पडला नसेल तर या गटाची औषधं चालतील असं म्हटलंय. पण ज्या घरात एक आत्महत्या झालेली आहे त्या घरात ॲमिट्रिप्टिलिनच्या महिनाभराच्या गोळ्या एकदम देऊ नका, जास्त घेतली तर हृदयावर जाते आणि माणूस हाताला लागत नाही. सात दिवसांची द्या, गोळ्या कुणाच्या ताब्यात ते ठरवा. घटना होऊन महिनासुद्धा झाला नसेल तर या गोळ्यांची घाईच नको. पहिल्या महिन्यात पोटात अन्न, डोक्यावर छप्पर, आपलं माणूस जवळ आणि कुठली मदत कुठं मिळते याची माहिती, हेच औषध, आणि बरेच जण तेवढ्यावर आपोआप सावरतात. पुरानंतरच्या कॅम्पमध्ये मी स्वतः हेच सांगतो, पंचनाम्याचा अर्ज भरून देणारा तलाठी तिथं माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

फ्लूओक्सेटिन २० हे आपल्या भागात मला एका कारणासाठी आवडतं. पीटीएसडीसाठी त्याचा पुरावा सर्ट्रालिनएवढा भक्कम नाही हे मान्य, पण ते शरीरात लांब टिकतं, एक-दोन दिवस चुकलं तर डोकं गरगरणं, झिणझिण्या हा गोळी सुटल्याचा त्रास कमी होतो, आणि फडातल्या माणसाचं गोळी चुकणं ठरलेलंच आहे.

आणि इथं आपल्या जिल्ह्याचा खरा पेच येतो, जो कुठल्याच गाईडलाइनमध्ये नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, कोल्हापूर-सांगली नाहीतर कर्नाटकात जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तिथं एक दिवस दवाखान्यात गेलं की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून पेशंट कोणत्या महिन्यात आलाय त्यावर तुमचा प्लॅन ठरवा. एप्रिल-मेमध्ये आलेल्या बाईला गोळीही नीट चढवता येते आणि बोलण्याचं कामही हाती घेता येतं, चार-पाच महिने तुमच्या हातात असतात. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवसांत आलेली असेल तर जुन्या आठवणी उकरायला घेऊ नका, उघडी जखम घेऊन ती फडावर जाईल, फक्त समजावणं, श्वासाचं तंत्र, झोपेच्या सवयी आणि गोळी सोसतेय का एवढं बघा. जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या, फक्त आत्महत्येचा धोका नसेल तरच, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, डोस, पीएचसीचा फोन लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. कारखान्याच्या गावातल्या पीएचसीला तो कागद दाखवायचा. संक्रांतीच्या आसपास एक फोन करायचा, करणारी व्यक्ती ठरवून ठेवा, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) असो की सिस्टर. सगळ्यांचाच फोन काही लागत नाही, पण लागतो त्यांच्या गोळ्या टिकतात.

फॉलोअपवरून एक गोष्ट सांगतो जी तुमच्या प्लॅनसाठी महत्त्वाची आहे. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडं गरिबांसाठी चालणाऱ्या सहा आरोग्य केंद्रांमध्ये ४०४ पीटीएसडीच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. निम्म्यांना केअर मॅनेजर दिली, म्हणजे फोन करणारी, आठवण देणारी, जोडून देणारी बाई, आणि निम्म्यांना नेहमीच्या उपचारात थोडीशीच भर. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे पेशंट बरे वाटण्याकडं गेले, पण दोघांत फरक काही निघाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी २६५ माजी सैनिकांवरचा दुसरा अभ्यास आला, लहान गावातल्या दवाखान्यांतला, तिथं फोनवरून पाठपुरावा होताच, पण व्हिडिओवरून सायकॉलॉजिस्टनं खरीखुरी विचारांवर काम करणारी थेरपीही दिली, आणि तिथं मात्र फरक चांगला दिसला, जे थेरपीला बसले ते सुधारले. आपण मराठवाड्यात बसून यातून काय घ्यायचं? माझ्या मते एवढंच की नुसतं रजिस्टर भरून, आशाताईला पाठवून, तारखा देऊन आजार हलत नाही. कुणीतरी शिकलेल्या माणसानं बसून बोलण्याचं काम केलंच पाहिजे, मग ते फोनवरून का असेना. आपल्या खात्याला नेमकं उलटं आवडतं, रजिस्टर चकचकीत आणि बोलायला कुणी नाही.

ते काम आपल्याकडं कोण करणार? घटनेच्या आठवणीवर थेट काम करणारी थेरपी, ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आठवणींवर काम करणारी थेरपी), हे प्रशिक्षणाशिवाय करू नका. पण त्याच्या अलीकडचं बरंच काही शिकून करता येतं. डब्ल्यूएचओची प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस नावाची पाच बैठकांची पद्धत आहे, मानसोपचाराची डिग्री नसलेल्या माणसांनी द्यायची, पाकिस्तानात पेशावरला तपासून बघितलेली आहे, तिथं चिंता आणि नैराश्य दोन्ही कमी झालं. ताण उतरवायचा श्वास, एका अडचणीचे तुकडे करून सोडवणं, बंद पडलेलं एखादं काम परत सुरू करणं, आणि माणसं जोडणं, एवढंच त्यात आहे. तुमच्या सीएचओला आणि एखाद्या समजदार एएनएमला (उपकेंद्राच्या नर्सला) जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य टीमकडून शिकवून घ्या. आणि टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नुसता नंबर चिठ्ठीवर लिहून दिला तर कुणीही लावत नाही. पहिला फोन पीएचसीच्या खोलीतून, तुमच्या फोनवरून लावून द्या, दाराशी उभं राहू नका, आणि पुढचा फोन कधी आणि कुणाच्या मोबाइलवर ते विचारा, कारण घरातला मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो.

आशाताईंबद्दल जरा जपून. त्या आपला कणा आहेत हे खरंच, पण त्या त्याच गावच्या, कधी त्याच भावकीच्या, कधी वेगळ्या जातीच्या, आणि बाईनं सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी पोचली तर ती परत पीएचसीची पायरी चढणार नाही. घरी कुणी आलेलं चालेल ते पेशंटलाच विचारा. जावं लागलं तर बीपी तपासायला आले असं सांगून जा, आणि खरंच बीपी तपासा. ॲट्रॉसिटीच्या केसमधला पेशंट असेल, पारधी वस्तीवरचा असेल, तर सरकारी दवाखान्याच्या खुर्चीत बसलेला माणूसही त्याला पोलिसासारखाच वाटू शकतो, तिथं विश्वासाला दोन-तीन भेटी जातात आणि त्या जाऊ द्याव्यात. अशा पेशंटच्या कोर्टाच्या तारखा केसपेपरवर लिहून ठेवा, तारखेच्या आठवड्यात त्रास वाढतो. आत्महत्येच्या केसमधल्या बायकांचंही तेच, एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र का अपात्र हे ठरेपर्यंत तलाठी, पोलीस, तहसील अशा फेऱ्यांत तीच गोष्ट परत परत सांगावी लागते.

धोका संपलेलाच नसेल तर मात्र सगळंच बदलतं. नवरा दारू पिऊन रोज मारतो त्या बाईला पहारेकरी झोपव म्हणून शिकवू नका, तिचा पहारेकरी बरोबरच काम करतोय. तिथं आधी सुरक्षितता, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर, सखी केंद्र, माहेर, संरक्षण अधिकारी. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे मुलीला बोलतं करण्याआधी सांगा, नंतर नाही.

देवऋषी आणि सैलानीबाबांचं तुम्ही विचारलं नाही पण येईलच. पेशंट सैलानीला जाऊन आलेला असतो किंवा जाणार असतो. मी अडवत नाही. जा म्हणतो, गोळी सोबत न्या, चुकवू नका, आणि कुणी साखळीनं बांधलं, मारलं, उपाशी ठेवलं तर मला फोन करा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो मारहाणीसाठी वापरायचा, श्रद्धेवर टोमणे मारायला नाही. टोमणा मारला की पेशंट गेला.

आत्महत्येचं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात येतं हा गैरसमज आहे. "जगूच नये असं वाटतं का, कसं करायचं ठरवलंय का, फवारणीचं औषध घरात आहे का?" आहे म्हटलं तर आजच ते भावाकडं, शेजारी, नाहीतर कुलपात, आणि कुलपाची चावी दुसऱ्याकडं. मोनोक्रोटोफॉस, पॅराक्वाट असलं काही असेल तर घरात अजिबात नको. आणि फवारणीचं औषध पिऊन वाचलेला पेशंट आला की घरचे पोलीस केसला घाबरतात, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरायचं असतं आणि त्याच्यावर उपचार करणं सरकारची जबाबदारी आहे, एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होईल पण त्याला जेलमध्ये टाकायला नव्हे.

आता रेफर कुणाला. आत्महत्येचा ठरलेला बेत आहे, आवाज ऐकू येतात, तासन्‌तास भान हरपतं, दारू एवढी की बंद केली की थरथर आणि भ्रम, लहान लेकरू, किंवा दोन महिने पुऱ्या डोसवर गोळी घेऊन फरक नाही, हे सिव्हिलला नाहीतर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला जायलाच हवेत. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं मराठवाड्यात एकही नाही, आणि खरं म्हणजे या पेशंटला त्याची गरजही क्वचितच पडते. रेफर करताना वार विचारून घ्या, जिल्ह्याची टीम ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी येते तोच दिवस द्या, डॉक्टरला आधी फोन करा, आणि चिठ्ठीत घटना एका ओळीत लिहा म्हणजे बाईला तिथं पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागणार नाही. चिठ्ठी घडी घालून पाकिटात, केसपेपरवर सगळ्यांना दिसेल असं बलात्कार नाहीतर पीटीएसडी असं ठळक लिहू नका, केसपेपर काउंटरवर पडून असतो.

वेळेचं तुम्ही शेवटी विचारलंय, ओपीडीत शंभर माणसं आणि मी एकटा. बरोबर आहे. म्हणून पहिल्या दिवशी फक्त पाच प्रश्न, एक दिलासा आणि तारीख, यात दहा मिनिटांच्या वर जात नाही. तारीख बाजाराच्या दिवसाची देऊ नका, त्या दिवशी ओपीडी फुटते. आठवड्यातली एक दुपार ठरवा, गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस सोडून, दोननंतर, तीन-चार पेशंट, प्रत्येकी वीस मिनिटं. पहिला महिना आठवड्याला, मग पंधरा दिवसाला, मग महिन्याला. दर भेटीला तेच पाच प्रश्न परत विचारून आकडा लिहा, आणि त्यासोबत एक कामाचा प्रश्न, या आठवड्यात कुठं जाऊन आलात. आकडा चारावरून तीनवर आला की नाही यापेक्षा बाई बांधापर्यंत जाऊन आली का हे मला जास्त सांगून जातं. त्या दुपारी शिपायाला दारावर बसवा, आणि त्याला पक्कं सांगा की साहेबांचा फोन आला तरी आत यायचं नाही.